लेजर गेले तेव्हा: सरकारी बँकांचे संगणकीकरण आणि आजचा पदवीधर

८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात एक करार झाला. बँकांमध्ये यंत्रे येतील, पण कुठे, किती आणि कोणत्या क्षमतेची, यावर मर्यादा राहतील, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. पुढची पंचवीस वर्षे देशातल्या लाखो पदवीधरांचे रोजचे काम हळूहळू, पण मुळापासून बदलत गेले.

कामाचे जग बदलते आहे, त्यासाठी पदवीधरांनी नवी कौशल्ये शिकावीत, असे आज रोज ऐकू येते. कोणती कौशल्ये, याच्या याद्याही रोज निघतात. याद्यांपेक्षा एक पूर्ण घडून गेलेले प्रकरण पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटते. सरकारी बँकांच्या संगणकीकरणाची सुरुवात दिसते, शेवट दिसतो, कोणाला लाभ झाला आणि किंमत कोणी मोजली तेही दिसते. शिवाय हे प्रकरण आपल्या घरातले आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर इथल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत एका पिढीचे कोणी ना कोणी बँकेत होतेच.

आधीचे काम

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या साधारण ८,२६० शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांवर गेल्या. एवढ्या शाखांना माणसे हवी होती आणि ती पदवीधरांतून आली. बी.कॉम. करायचे, बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डाची परीक्षा द्यायची आणि क्लार्क म्हणून लागायचे, ही हजारो घरांची योजना होती. लग्नाच्या स्थळाला ‘मुलगा बँकेत आहे’ एवढे सांगितले की पुढचे प्रश्न कमी व्हायचे.

तो मुलगा, किंवा मुलगी, तिथे करायची काय? ग्राहक चेक काउंटरवर देई आणि त्याच्या हातात पितळी टोकन येई. लेजरवरचा, म्हणजे खातेवहीवरचा, क्लार्क खात्याचे पान काढी, शिल्लक पाही, रक्कम नावे टाकी, म्हणजे खात्यातून वजा करी, आणि नवी शिल्लक मांडी. मग चेक अधिकाऱ्याकडे जाई. तो नमुना सहीच्या कार्डाशी सही ताडून चेक पास करी. कॅशियर टोकनाचा नंबर पुकारी. दिवसभरात अशी शेकडो व्हाउचर्स होत. संध्याकाळी सगळ्यांच्या बेरजा जुळायच्या. जमा आणि नावे टॅली झाल्याशिवाय घरी जाता येत नसे, आणि जुळत नसेल तर फरक शोधत बसावे लागे.

हा फरक शोधण्याचे एक शास्त्र होते. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले की फरक येतो ९००. फरकाच्या निम्म्या रकमेचे एखादे व्हाउचर सापडले, तर ते चुकीच्या बाजूला गेलेले असण्याची शक्यता मोठी. २५० रुपये नावे टाकायच्या ऐवजी जमा केले की फरक ५०० होतो. हे नवख्याला कोणत्या वर्गात शिकवले जात नसे. शेजारच्या टेबलावरचे जुने साहेब किंवा बाई सांगत, ‘नऊने भागून बघ.’ दोन-चारदा स्वतः शोधले की ते कायमचे अंगात मुरे.

व्याजाचेही तसेच. बचत खात्यावर त्या काळी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज मिळे. समजा एखाद्याच्या खात्यात महिनाभर २०,००० रुपये होते आणि २६ तारखेला त्याने १८,००० काढले. त्याला पूर्ण महिन्याचे व्याज फक्त २,००० रुपयांवर मिळणार. साडेतीन टक्के दराने ते सहा रुपयांच्याही आत जाते. रोजच्या शिलकीवर हिशेब केला असता, तर तीस दिवसांच्या महिन्यात तेच जवळजवळ ४९ रुपये झाले असते. पण शाखेतल्या प्रत्येक खात्याचा प्रत्येक दिवसाचा गुणाकार हाताने कोण करणार? म्हणून किमान शिलकीचा नियम. लेजरवर बसणाऱ्याला हा नियम आणि त्यामागचे कारण दोन्ही माहीत असायचे. ‘दहा तारखेच्या आत भरा, आणि पाच दिवस थांबता आले तर पुढच्या महिन्यात काढा,’ असे तो ओळखीच्या शिक्षकाला किंवा पेन्शनर आजोबांना सांगू शकायचा.

हे काम कंटाळवाणे होते यात शंका नाही. त्याचा गौरव करायचे कारण नाही. कित्येक शाखांत खातेवह्यांचे बॅलन्सिंग महिनोन्महिने थकलेले असे आणि दोन शाखांमधल्या नोंदी वर्षानुवर्षे जुळायच्या राहत. ग्राहकाला स्वतःचेच पैसे काढायला तास तास थांबावे लागे. संगणक यायलाच हवा होता.

बदल कसा आला

आधी आली अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. नाव भारदस्त, काम एकाच काउंटरपुरते. १९८७ मध्ये दुसरा करार झाला. त्याच वर्षी एचएसबीसीने मुंबईत देशातले पहिले एटीएम बसवले. १९८९ मध्ये रंगराजन यांच्याच दुसऱ्या समितीचा अहवाल आला. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने हातच्या नोंदींतले धोके चव्हाट्यावर आणले. खोट्या बँक रिसीटवर, म्हणजे रोखे विकल्याच्या पावत्यांवर, कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे झाले होते आणि सरकारी रोख्यांची खातेवही हातानेच लिहिली जात होती. १९९३ मध्ये संघटनांशी आणखी एक करार झाला. १९९८ मध्ये तर केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी १ जानेवारी २००१ पर्यंत सत्तर टक्के व्यवसाय संगणकावर आणा असा आदेशच बँकांना दिला. संगणकीकरणाचा आदेश भ्रष्टाचार रोखणाऱ्या यंत्रणेकडून यावा, यात बरेच काही आले.

२००० ते २००१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली आणि सरकारी बँकांतले सुमारे एक लाख लोक बाहेर पडले. त्यापाठोपाठ कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणक प्रणालीत ठेवणे, आले. खाते आता शाखेचे न राहता बँकेचे झाले. स्टेट बँकेसारख्या अवाढव्य बँकेच्या शाखाही २००८ च्या सुमारास एका प्रणालीत आल्या. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेने बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज देणे बंधनकारक केले. वरच्या उदाहरणातले सहाचे ४९ रुपये झाले ते त्या दिवशी. सामान्य खातेदाराला संगणकाने दिलेला हा सर्वांत सरळ लाभ आहे आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

किंमत कोणी मोजली

आत असलेल्यांची नोकरी टिकली. करारांनी त्यांना वेळ दिला. प्रशिक्षण बँकेच्या खर्चाने आणि बँकेच्या वेळेत झाले. कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला वेगळा भत्ता मिळाला. शिकत राहण्याची जुनी व्यवस्थाही होती. १९२८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सची सीएआयआयबी परीक्षा पास झाले की पगारवाढ मिळे. अधिकाऱ्यांसाठी पुण्यात कोंढव्याला राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था होती. नवे कौशल्य मिळवायचा भार कर्मचारी आणि संस्था दोघे मिळून उचलत होते. संघटनांनी संगणक अडवला, बँका मागे ठेवल्या, असे आजही अनेक जण म्हणतात, आणि विलंब झाला हे खरेच आहे. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस जन्मात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावताना उपाशी राहण्याच्या भीतीत नव्हता, हेही त्या करारांचेच श्रेय आहे.

किंमत मोजली ती बाहेर असलेल्यांनी. नव्वदच्या दशकात क्लार्कची भरती आटत जवळजवळ थांबली. २००१ मध्ये बँकिंग सर्व्हिस रिक्रूटमेंट बोर्डे बंदच झाली. ज्यांनी १९९२ मध्ये, १९९५ मध्ये बी.कॉम. केले त्यांच्यासाठी दार उघडलेच नाही. कोणाला काढले नाही, म्हणून बातमी झाली नाही. यंत्र आले की आधी नोकऱ्या जातात त्या अजून न लागलेल्यांच्या. त्यांचा मोर्चा निघत नाही.

या थांबलेल्या भरतीचा दुसरा फटका बँकांना नंतर बसला. २०१० मध्ये बँकांच्या मनुष्यबळाचा विचार करणाऱ्या समितीने, तिचे अध्यक्ष बँक ऑफ बडोदाचे माजी प्रमुख अनिल खंडेलवाल होते, येणारे दशक निवृत्तीचे असेल असा इशारा दिला. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत घाऊक भरती झालेली पिढी एकदमच निघाली. २०११ पासून आयबीपीएस या बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या सामाईक परीक्षेतून तरुण पुन्हा येऊ लागले. मधले लोक मात्र नव्हते. तिशीच्या शेवटी, चाळिशीत असलेला, नव्याला शेजारी बसवून ‘नऊने भागून बघ’ म्हणणारा माणूस ज्या वर्षांत भरती व्हायला हवा होता, ती वर्षे कोरडी गेली होती.

लेजर ही शाळाही होती

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. संगणकीकरणाच्या काळात कोण तरले? जलद टायपिंग येणारा प्रत्येक जण तरला असे नाही. खाती लेजरमधून संगणकावर चढवताना आधी ती जुळवावी लागत होती. दहा-दहा वर्षांचा थकलेला फरक, सस्पेन्स खात्यात (कुठल्या खात्याच्या ते न ठरलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवतात ते खाते) पडून राहिलेल्या रकमा, दोनदा लागलेले व्याज हे सगळे निस्तरल्याशिवाय शाखा ‘लाइव्ह’ जाऊ शकत नव्हती. ते निस्तरू शकत होता तो नोंदीचा अर्थ कळणारा माणूस. ही रक्कम इथे का आली, तिची दुसरी बाजू कुठे असली पाहिजे, हे विचारायची सवय असलेला. त्याला स्क्रीन शिकायला काही आठवडे लागले असतील. उलट, फक्त स्क्रीन येणाऱ्याला ही सवय काही आठवड्यांत लागत नाही.

आणि ही सवय आली होती त्याच कंटाळवाण्या कामातून, जे यंत्राने बरोबर काढून घेतले. हाताने नोंद करताना शंभर वेळा चूक होते, शंभर वेळा ती शोधावी लागते आणि त्यातून व्यवहाराचा सांगाडा डोळ्यांना दिसू लागतो. बचत, चालू, क्लिअरिंग, ड्राफ्ट, कर्ज असे फिरत फिरत काही वर्षांत नवख्याला बँक आतून कळे. कोअर बँकिंगमध्ये नवा पदवीधर पहिल्या दिवशी मेनूतला कोड टाकतो आणि दोन्ही बाजूंच्या नोंदी आपोआप होतात. तो चुकत नाही, म्हणून शिकत नाही. काम गेले त्यासोबत शाळाही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कोणी बांधली नाही.

याचे परिणाम कुठे दिसतात? रोजच्या काउंटरवर ते एका वाक्यात दिसतात: ‘सिस्टिम घेत नाही.’ बचत गटाच्या अध्यक्ष ताईंनी विचारले की आमच्या खात्यात अनुदान का जमा झाले नाही, तर उत्तर हेच. शेतकऱ्याने विचारले की कर्ज फेडले तरी सातबारावरचा बोजा उतरवायचा दाखला का निघत नाही, तरी हेच. सिस्टिम नेमके काय घेत नाही? आधार जोडलेले खाते दुसऱ्याच बँकेत आहे का? नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक आहे का? खाते निष्क्रिय झाले आहे का? व्याजाचे चार रुपये बाकी राहून कर्जखाते उघडे राहिले आहे का? हे शोधून मराठीत समजेल असे सांगणे हे कौशल्य आहे. ते येणारा तरुण ज्या शाखेत असतो त्या शाखेत लोक त्याचे नाव घेऊन येतात.

मोठ्या पातळीवरचे उदाहरण फेब्रुवारी २०१८ चे. पंजाब नॅशनल बँकेने मुंबईतल्या आपल्या एका शाखेतला अकरा हजार कोटींहून मोठा घोटाळा जाहीर केला. परदेशातल्या बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून जात होते आणि त्यांची नोंद कोअर बँकिंगमध्ये होत नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या. यात संगनमताचे आरोप आहेत, खटले आहेत, त्यामुळे हा केवळ कौशल्याचा प्रश्न होता असे म्हणणे चूक ठरेल. तरीही एक प्रश्न उरतोच. इतकी वर्षे हे संदेश आणि बँकेच्या खात्यातले पैसे शेजारी ठेवून कोणी जुळवून का पाहिले नाहीत? त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ३० एप्रिल २०१८ पर्यंत दोन्ही यंत्रणा जोडायला सांगितल्या. जोडणी झाली हे बरेच झाले, पण जोडणीबाहेर काय राहिले आहे असे विचारणारा माणूस तरीही लागतोच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएमच्या स्विचची, म्हणजे पैसे काढायला मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची, नक्कल उभी करून बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे काढले गेले आणि एकूण ९४ कोटींचा फटका बसला. नऊने भागून हे सापडले नसते. म्हणून जुने तेवढे सोने असे मी म्हणत नाही. नेटवर्क म्हणजे काय, मंजुरीचा संदेश कुठून निघून कुठे जातो, हे आजच्या वाणिज्य पदवीधरालाही ढोबळ का होईना कळले पाहिजे. पण लक्षात घ्या, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे: ही मंजुरी नेमकी कोणी दिली, आणि तिची दुसरी बाजू कुठे आहे?

आजच्या पदवीधरापुढे

क्लार्क हा शब्दही आता मागे पडतो आहे. स्टेट बँकेत त्या पदाला ज्युनिअर असोसिएट म्हणतात आणि कंसात ग्राहक साहाय्य व विक्री असे येते. आयबीपीएसनेही २०२५ च्या भरतीत कस्टमर सर्व्हिस असोसिएट हे नाव घेतले. नावातून काम कळते. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून पैसे काढण्या-भरण्याची गर्दी ओसरली आणि अडकलेल्या पैशांची, फसवणुकीची, केवायसीची गर्दी वाढली. त्यात विमा आणि म्युच्युअल फंड विकायचा दबाव. या दबावाखाली साठीच्या बाईंना वीस वर्षांची पॉलिसी विकू नये एवढी समज आणि वरिष्ठांना तसे सांगायची हिंमत ही मला कोणत्याही सॉफ्टवेअरच्या सर्टिफिकेटपेक्षा मोठी पात्रता वाटते. भरतीत स्थानिक भाषेची चाचणी असते, ती अनेक उमेदवार उपचार समजतात. वास्तविक काउंटरवर पहिली कसोटी तिथेच लागते.

बँकेत घडले तेच आता वकिलाच्या, सीएच्या, सॉफ्टवेअर कंपनीच्या, वर्तमानपत्राच्या ऑफिसात घडू लागले आहे. करारनाम्याचा पहिला मसुदा, हिशेबाची प्राथमिक तपासणी, कोडच्या सोप्या चाचण्या, लांब अहवालाचा सारांश ही आजवर नवख्यांना दिली जाणारी कामे. ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडे जात आहेत. ज्येष्ठांची सोय होते. पण या कामांत चुका करत करतच ते ज्येष्ठ झाले होते. १९९० नंतर बँकांनी जशी पायरीच काढून घेतली, तशी इतर क्षेत्रांनीही काढली तर पंधरा वर्षांनी यंत्राचे उत्तर तपासणारा माणूस कुठून आणणार? ‘नवे टूल शिका’ हा सल्ला पदवीधराला देणे सोपे आहे. टूलचा खर्च आणि क्लासची फी तोच भरतो. १९८३ च्या करारात संस्थेने उचललेला वाटा आज कोणी उचलत नाही, आणि हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते.

मग पायरी पुन्हा कशी बांधायची? नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ऑन जॉब ट्रेनिंग आले आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. २०१४ च्या दुरुस्तीने तो अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही खुला झाला आणि सरकारी बँका आता पदवीधर अप्रेंटिस घेतातही. चौकट आहे. तिच्यात भरले जाते काय, हा प्रश्न आहे. अनेकदा विद्यार्थ्याला फायली लावायला बसवतात, शेवटी शिक्का मारून प्रमाणपत्र देतात आणि महाविद्यालय गुण देऊन मोकळे होते.

त्याऐवजी तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेशी बोलून एवढे करता येईल. मागच्या वर्षातल्या एका महिन्याची व्हाउचर्स, नावे आणि खाते क्रमांक झाकून, विद्यार्थ्यांना द्यायची. दोघादोघांनी ती कागदावर नोंदवायची, टॅली करायची, बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आपली वही आणि बँकेचे पासबुक यांतला फरक का आला ते मांडणारे पत्रक, तयार करायचे. बँक जुळवणी पत्रक अकरावी-बारावीच्या पुस्तकात आहेच, पण तिथे आकडे आधीच जुळणारे असतात. इथे ते जुळणार नाहीत. मग तोच महिना सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा आणि आपले उत्तर व त्याचे उत्तर यांतला प्रत्येक फरक लेखी समजावायचा. तिसऱ्या टप्प्यात तेच एखाद्या एआय साधनाला द्यायचे आणि त्याने कुठे आत्मविश्वासाने चूक केली ते शोधायचे. शेवटी पतसंस्थेच्या एका संचालकासमोर उभे राहून दहा मिनिटांत मराठीत सांगायचे की काय जुळले, काय नाही आणि का. गुण जुळलेल्या बेरजेला देऊ नयेत, सापडलेल्या फरकाला द्यावेत. यासाठी लागणारा शिक्षक बहुतेक गावांत आहे. बँकेतून निवृत्त झालेला, लेजर हाताने लिहिलेला माणूस साठी-सत्तरीत आहे आणि त्याला बोलावले तर तो येतो.